कुजबुजीचं घर

अजूनही माझ्याशी कुणी आवाज खाली आणून बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. लग्नात एखादी मावशी कानाशी येऊन "त्या तिकडच्या मुलीचं कळलं का गं?" असं सुरू करते, बँकेतला मुलगा काचेआडून पुटपुटतो, दवाखान्यातली नर्स माझे पांढरे केस बघून उगाच हळुवार होते, आणि मी भर माणसांत म्हणते, "मोठ्यानं बोला, मला ऐकू येतं." समोरचा गोंधळतो. ऐकू येत नसेल तर मोठ्यानं बोला म्हणायचं असतं, हे मलाही कळतं. पण आमच्या घरात हेच वाक्य बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे समजायला आम्हाला फार उशीर लागला. माझी मुलगी गौरी म्हणते, "आई, तुझा राग जुना आहे, तो नव्या लोकांवर काढू नकोस." जुना आहे हे खरं. म्हणूनच लिहून काढते आहे.

चाळ सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला गोडदेवला राहायला आलो, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी माझ्या वडिलांना वेड्यात काढलं होतं. तिकडे पाणी नाही, दिवे नाहीत, रस्ता म्हणाल तर नुसता चिखल. अण्णा म्हणायचे, "असू दे चिखल. संडास माझ्या घरात आहे." दोन खोल्या, एक गॅलरी आणि मोरीच्या वर पाण्याचं पिंप, एवढा तो ब्लॉक, पण तो आमचा होता. तळमजल्यावर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा गाळा होता. सकाळी मशीन सुरू झालं की आधी गुरगुर, मग एकसुरी घरघर, आणि डब्याचं झाकण चाकाला टेकलं की दातांत सणक जाईल असा कर्कश आवाज. त्यात सोसायटीचा पंप, समोरच्या जयाबेनचा मिक्सर, आईचा कुकर. पहिले काही दिवस आम्ही अगदी कावून गेलो, आणि मग एक दिवस हे सगळं ऐकूच येईनासं झालं. पाहुणे विचारायचे, "हा कसला आवाज?" आम्ही एकमेकांकडे बघून म्हणायचो, "कसला?" यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ विनूदादा रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. त्याचा कोर्स झाला होता आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात तो कामाला लागला होता. कान असे तिखट, की टेप लावून डोळे मिटायचा आणि सांगायचा, "मोटर दमलीय, बेल्ट बदलायला हवा." आईचं कौतुक ऊतू जायचं. "माझ्या विनूच्या हातात जादू आहे," ती म्हणायची. मी म्हणायचे, "हातात नाही, कानात." तो हसायचा आणि माझ्या ताटातला तळलेला बोंबील उचलून न्यायचा. त्या घरात जेवण म्हणजे गलका असे. अण्णांना भाकरी करपलेली हवी, दादाला कालवण वर तवंग येईल इतकं तिखट हवं, मला भात हवा, आणि आई सगळ्यांवर ओरडून सगळ्यांना सगळं देणार.

बदल पहिल्यांदा कुकरवर लक्षात आला. पहिल्या शिट्टीला कुणीही दचकेल. दुसऱ्या शिट्टीला आपण मान वर करत नाही. दादा तिसऱ्या शिट्टीलाही पहिल्यासारखाच दचकायचा, हातातलं पाणी सांडायचा. मग त्यानं विचारायला सुरुवात केली, "तुम्हाला खालचं मशीन ऐकू येत नाही? खरंच येत नाही?" आम्ही म्हणायचो, "अरे, ते तर रोजचंच आहे." तो चिडून म्हणायचा, "रोजचं कसं? आत्ता वाजतंय." दुकानात एकाच वेळी चार टेप वाजत, तिथं त्याला उभं राहणं जमेना. मालकाशी भांडून तो घरी बसला. आणि एका दुपारी भिंतीला कान लावून त्यानं मला शांतपणे सांगितलं, "शैले, ते मशीन माझं नाव घेतं."

त्यावर आमच्या आईनं काय केलं? खोबरेल तेलात लसूण कढवून त्याच्या कानात घातलं. मग कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं त्याला बंद खोलीत बसवून, कानांवर हेडफोन चढवून बारीकसारीक आवाज ऐकवले, आणि डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, शंभरात एखाद्याचे असतात असे. आईनं त्या आनंदात नारळाच्या वड्या केल्या! आजार म्हशीला आणि औषध पखालीला, वर पखाल शाबूत आहे म्हणून वड्या. मला त्या वड्या गिळवेनात. कान चांगले असताना माणूस भिंतीला विचारतोय "काय म्हणालास?", तर भ्यायला हवं की पेढे वाटायला हवेत? पण मी बारावीतली मुलगी. माझं कोण ऐकणार?

शेवटी बोरिवलीच्या एका मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. अण्णांनी घरी येईपर्यंत त्याचं "नर्व्हसनेस" केलं. गोळ्या चुकवू नका, जेवण आणि झोप सांभाळा, घरात भांडणं नकोत, एवढं सांगून झालं आणि अण्णांनी काही विचारायला तोंड उघडलं तोवर पुढचा पेशंट खुर्चीत बसलाही होता. दादाच्या डोक्यात आवाजाचं नेमकं काय होतंय, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मग आईनं आपल्या अकलेनं त्याचा अर्थ लावला. माझ्या मुलाला आवाज सोसत नाही ना? मग या घरात आवाज होणार नाही.

आणि खरंच झाला नाही. आमची आई एकदा ठरवलं की ठरवलं. भांड्यांच्या फळीवर जुनं लुगडं अंथरलं गेलं. कुकर माळ्यावर गेला आणि भात पातेल्यात शिजू लागला. दारावरच्या बेलची वायर काढून टाकली. टीव्ही चालू, पण आवाज बंद, अण्णा बातम्या देणाऱ्या बाईच्या ओठांकडे बघत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "काहीतरी वाईट झालेलं दिसतंय." आम्ही सगळे कुजबुजत बोलायला लागलो. मी घोकून अभ्यास करणारी. मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नसे. मला ओठांतल्या ओठांत रसायनशास्त्र करायला लावलं. जरा आवाज चढला की आईचं बोट तिच्या ओठांवर. बालवाडीत असतं ना, हाताची घडी तोंडावर बोट, तसं आमचं घर झालं होतं, फरक इतकाच की घंटा होऊन सुटका नव्हती.

बिल्डिंगही सामील झाली. माणसं चांगली होती हो, तोच तर त्रास. जयाबेननं मिक्सर गॅलरीच्या टोकाला नेऊन खाली गोधडी घातली. जिन्यात भेटली की आईचा हात धरून श्वासातल्या श्वासात विचारायची, "भाभी, विनूला कसा वाटते आज? मैं सुबह पूछने आई थी, पर दरवाजा बंद होता." जवळच्या राई गावाहून मासळी घेऊन येणारी हिरामावशी, जिची हाक तीन बिल्डिंगा पलीकडे जायची, तिलाही आईनं समजावलं. बिचारी आमच्या दाराशी टोपली उतरवून मुकी उभी राहायची. एकदा तिला राहवलं नाही. "बाय, मना असा कानात बोलाया जमत न्हाय," ती म्हणाली. "म्हावरा काय चोरून आनलाय का?" आईनं तिलाही बोट दाखवलं. मला मात्र हसू फुटलं, त्या महिन्यांतलं बहुतेक तेवढंच.

आता इथं थांबून गौरीनं मला जे समजावलं ते सांगायला हवं, नाहीतर आम्ही काय करून बसलो ते कळायचं नाही. गौरी ऐकण्याच्या तपासण्यांचंच काम करते. ती म्हणाली, आई, ऐकणं कानात संपत नाही. एकाला जोडून एक असे दोन टिक् टिक् आवाज ऐकवले, तर आपला मेंदू पहिल्याला जागा होतो आणि दुसऱ्याला म्हणतो, हा तोच, जाऊ दे. सोसायटीचा वॉचमन नाही का, दूधवाल्याला पहिल्या दिवशी हटकतो आणि मग मानही वर करत नाही. या आजारात पुष्कळांचा वॉचमन त्याच दूधवाल्याला दर खेपेला हटकतो. दुसरी गोष्ट, आपण स्वतः बोलतो किंवा मनात विचार करतो, तेव्हा मेंदू आतल्या आत निरोप देतो की हा आपलाच आवाज आहे, बिचकू नकोस. तो निरोप नीट पोचला नाही, तर स्वतःचाच विचार दुसऱ्याचं बोलणं होऊन ऐकू येत असावा. आणि तिसरी गोष्ट, आवाजाच्या चढउतारावरून समोरचा चिडलाय की माया करतोय हे ओळखणंही यातल्या बऱ्याच जणांना जड जातं. "सगळं अजून कुणालाच कळलेलं नाही," हेही ती म्हणाली. मग मी तिला विचारलं, "आणि कुजबुज?" ती म्हणाली, "कुजबुजीत गळा वाजतच नाही. नुसता श्वास असतो. बाईची, पुरुषाची, ओळखीची, परक्याची, सगळी जवळजवळ सारखीच. तुम्ही त्याच्यासमोर नेमकं तेच ठेवलंत." इतक्या साध्या गोष्टी, आणि त्या सांगायला त्या काळात आमच्या दारात कुणी आलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

कारण झालं ते असं. पूर्वी दादाला मशीन त्रास देत होतं, आता घर द्यायला लागलं. स्वयंपाकघरातून फुस्फुस यायची आणि ती आईची की अण्णांची की त्याच्या डोक्यातली, हे त्याला कळेना. तो दारात येऊन उभा राहायचा. "काय ठरवताय माझ्याबद्दल?" आई घाबरून आणखी हळू म्हणायची, "काही नाही रे." आणि खरी गोष्ट अशी की आम्ही त्याच्याबद्दलच बोलत असायचो. दुसरा विषय होता कुठे आम्हाला? मग त्यानं आईच्या हातचं जेवण सोडलं. आमटीत, भातात काहीतरी घालायचं शिजतंय, असं त्याला वाटायला लागलं. सालीच्या आतलं तेवढं तो खायचा. केळी, भुईमुगाच्या शेंगा, उकडलेली अंडी; तीही स्वतः फोडून, आधी उजेडात धरून. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत चढायला लागलं. तिखट कालवणासाठी भांडणारा माझा भाऊ गॅलरीत बसून शेंगा सोलायचा आणि आई ओट्याशी तोंडात पदर कोंबून रडायची, तेसुद्धा आवाज न करता.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, जेवत नसेल तर आणा, दवाखान्यात ठेवून घेऊ. त्या काळी त्या दवाखान्याबद्दल लोक जे बोलायचे ते आम्ही ऐकलेलं होतं. एकदा आत गेलेला मुलगा परत आपल्याला मिळत नाही, अशी आईची पक्की समजूत. अण्णांनी तरी बॅग काढली. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. ठरलं म्हणजे कुजबुजत ठरलं. दादाला सांगायचं नाही, फिरायला जाऊ म्हणून रिक्षात बसवायचं.

रविवारची दुपार होती. खालचा गाळा बंद. आईनं मुद्दाम कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, जाण्याआधी एकदा तरी खाईल म्हणून. दादा बाहेरच्या खोलीत कॉटवर, पुढ्यात बशीत दोन अंडी. जयाबेन ढोकळ्याची वाटी घेऊन आली होती. ती, आई आणि अण्णा तिघं ओट्याशी डोकी जुळवून उभी, आणि मी माझं वाढलेलं ताट घेऊन दोन्ही खोल्यांच्या मध्ये. तिघांचं फुस्फुस चाललं होतं. दादानं अंडं खाली ठेवलं. "आत कोण आहे?" आत डोकी आणखी जवळ आली. "किती जण आहेत? सांगा ना." त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. आई आतून मला खुणावत होती, तोंडावर बोट.

ते बोट बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी हातातलं ताट ओट्यावर आपटलं. कित्येक महिन्यांत त्या घरात स्टील पहिल्यांदा वाजलं असेल. आणि मी घसा फोडून ओरडले, "दादा, मी शैला बोलतेय! मी, शैला, माझ्या तोंडानं! आत तिघं आहेत, आई, अण्णा आणि जयाबेन! तू जेवत नाहीस म्हणून उद्या तुला दवाखान्यात ठेवणार आहेत, फिरायला नाही नेणार! आणि या कालवणात कोलंबी आहे, कोकम आहे, आणि मीठ जास्त पडलंय! बाकी काही नाही! कोणी काही घालत नाही त्यात!"

"शैला!" अण्णा धावून आले. पण दादा उठून माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता. "हे तू म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"मी म्हणाले."

"परत म्हण."

मी परत म्हटलं, तितक्याच मोठ्यानं, अगदी मिठापर्यंत. मग तो आईकडे वळला. "आई, तू आत काय म्हणत होतीस?" आईचे ओठ हलले, फुस्फुस आली. तो कळवळून म्हणाला, "मोठ्यानं गं! मोठ्यानं सांग ना!" एवढ्या महिन्यांत तिचा गळा गंजला होता. आधी खरखर झाली, मग एकदम आमच्या चाळीतल्या आईचा खणखणीत आवाज बाहेर पडला. "मी म्हणत होते, बॅगेत तुझा स्वेटर घालू की नको! तिथं थंडी वाजेल का तुला!" आणि ती मोठमोठ्यानं रडायला लागली. जयाबेनही लगेच ओरडली, "आणि मी बोलली, ढोकळा पण दे साथ में!"

दादा ओट्याशी आला. त्यानं माझ्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. "शैले," तो म्हणाला, "मीठ खरंच जास्त आहे." आणि खाली बसून जेवला.

यानं तो बरा झाला असं कुणी समजू नये. सोमवारी त्याला सगळं सांगून डॉक्टरांकडे नेलं, जेवतोय म्हटल्यावर त्यांनी परत पाठवलं, गोळ्या बदलल्या. पुढच्या वर्षांत त्याला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तो दोन्ही वेळा परत आला. आवाज गेले नाहीत, फक्त त्यांतले आमचे आवाज वेगळे निघाले. आईनं मात्र त्या दुपारचं श्रेय मला कधी दिलं नाही. नातेवाइकांना ती सांगायची, नव्या गोळीनं गुण आला. मला म्हणायची, "तू केवढ्यानं किंचाळलीस, पोरगं घाबरून जेवलं." मी तिच्याशी त्यावरून वर्षानुवर्षं भांडले, आणि तेही मोठ्यानं.

पण घराचा कायदा बदलला, तो आईनंच बदलला. आधी नाव सांगायचं, मग बोलायचं. पाठमोरं बोलायचं नाही. कुकर माळ्यावरून खाली आला, आणि शिट्टीआधी आई पुकारायची, "मी आई, कुकर होतोय!" समोरून हाळी यायची, "मैं जयाबेन, अभी मेरा मिक्सर!" बेलची वायर जोडली. नवे भाडेकरू आम्हाला विक्षिप्त समजायचे. एकदा मी दादालाच मिक्सरचं बटण दाबायला लावलं, निदान स्वतःच्या हातचा आवाज तरी परका वाटणार नाही म्हणून. वाटला. खोबरं अर्धवट टाकून तो गॅलरीत गेला. असे माझे किती उपाय फसले, त्यांची गणती नाही. पुढे तो घरीच लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला, एका वेळी एकच, आणि रविवारी, गाळा बंद असताना. एवढंच झालं. याहून जास्त व्हायला हवं होतं, त्याच्या कानांना साजेसं.

शेवटच्या आजारात आईचा गळा गेला. ऑपरेशननंतर आवाज आलाच नाही, उरला नुसता श्वास. गोडदेवच्या त्याच खोलीत, त्याच कॉटवर ती पडून असायची. दादा तोवर पन्नाशी ओलांडलेला. तो खोलीत यायचा, पण तिच्या तोंडून फुस्फुस निघाली की त्याचं अंग ताठ व्हायचं. मी मध्ये उभी राहून तिचं बोलणं मोठ्यानं सांगायचे. एका दुपारी मी पाणी आणायला आत गेले होते आणि परत येताना दारातच थांबले. आईनं त्याच्या मनगटाला हात लावला होता. त्यानं हात काढून घेतला नाही, वाकून तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"मी आई," ती श्वासात म्हणाली. मग दम घेऊन, "जेवलास?"

दादानं सरळ होऊन उत्तर दिलं, खाली गाळ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "मी विनू! जेवलो! शैलानं केलं होतं, मीठ जास्त होतं!"